एसजीपीटी वाढले म्हणजे नेमके काय: यकृताच्या रक्तचाचणीची तयारी आणि अहवालाचे वाचन

वार्षिक तपासणीच्या अहवालात एसजीपीटीच्या ओळीत ६८ हा आकडा ठळक छापलेला दिसला, की घरात बहुधा दोन मते पडतात. कोणी तो आकडा लगेच मोबाइलवर शोधून सर्वांत भयंकर आजारापर्यंत जाऊन पोहोचतो, तर कोणी "जरासंच वाढलंय, होईल कमी" असे म्हणून कागद कपाटात ठेवून देतो. दोघेही एका दिवसाच्या एका ओळीवरून निकाल देत असतात, आणि ही चाचणी तशी वाचताच येत नाही. नमुना देण्यापूर्वीच्या आठवड्यात शरीराने काय केले व काय पोटात गेले, त्याच अहवालातील इतर ओळी काय सांगतात आणि पूर्वीच्या अहवालांत हाच आकडा किती होता, या तीन गोष्टी समोर असल्याशिवाय त्या ६८ ला अर्थ येत नाही. यांतील पहिली गोष्ट पूर्णपणे रुग्णाच्या हाती असते, आणि नेमकी तीच डॉक्टरांपर्यंत सर्वांत कमी पोहोचते.

कोणती ओळ कशाविषयी बोलते

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींच्या आत काम करणारी एन्झाइम आहेत. अलीकडच्या अहवालांत त्यांचीच नावे एएलटी आणि एएसटी अशी छापलेली असतात. एसजीपीटी म्हणजे एएलटी आणि एसजीओटी म्हणजे एएसटी. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात आणि रक्तातील प्रमाण वाढते. द्राक्षांच्या क्रेटखाली रस ओघळलेला दिसला, तर आत काही मणी फुटले आहेत एवढे कळते. पण उरलेला माल किती चांगला आहे हे त्या रसावरून सांगता येत नाही. या दोन आकड्यांचेही तसेच आहे. यकृताला सध्या इजा होत आहे का, हे ते सांगतात. यकृत आपले काम किती करू शकते, हे ते सांगत नाहीत.

एसजीपीटी प्रामुख्याने यकृतात असते. एसजीओटी मात्र यकृताबरोबरच हृदयाच्या व हातापायांच्या स्नायूंत, मूत्रपिंडात आणि तांबड्या रक्तपेशींतही असते. १९५५ मध्ये आर्थर कारमेन यांनी रक्तातील एसजीओटी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा पहिला मोठा उपयोग हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठीच झाला होता. म्हणूनच केवळ एसजीओटी वाढलेले आणि एसजीपीटी जवळजवळ योग्य असेल, तर आधी यकृताबाहेरची कारणे शोधावी लागतात.

अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी या दोन ओळी पित्ताच्या मार्गाविषयी बोलतात. पित्तनलिकेत खडा अडकला, किंवा पित्ताचा प्रवाह अन्य कारणाने मंदावला, की या दोन्ही वाढतात. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही येते, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलांत ते प्रौढांपेक्षा बरेच जास्त असणे स्वाभाविक आहे; गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते वारेतून येते. जीजीटी हाडांत नसते, म्हणून दोन्ही एकदम वाढली असतील तर बोट यकृताकडे किंवा पित्तमार्गाकडे वळते.

यकृताच्या कामाचा अंदाज मात्र बिलिरुबिन (यकृत ज्याची विल्हेवाट लावते ते पिवळे रंगद्रव्य), अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्यास किती वेळ लागतो याचे माप) या तीन आकड्यांवरून येतो. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच तयार करते आणि ते रक्तात सुमारे तीन आठवडे टिकते, त्यामुळे ते घटले असेल तर त्रास बहुधा जुना असतो, अर्थात कुपोषण किंवा लघवीवाटे प्रथिने जाण्यानेही ते घटते. रक्त गोठवणारे घटकही यकृतातच तयार होतात आणि ते लवकर संपतात, म्हणून यकृत अचानक थकले तर आयएनआर आधी वाढतो. खेदाची गोष्ट अशी, की पीटी-आयएनआर नेहमीच्या एलएफटीच्या, म्हणजे यकृताच्या रक्तचाचण्यांच्या, संचात बहुधा नसतोच. तो वेगळा सांगावा लागतो.

चाचणीपूर्वीचा आठवडा

तयारी म्हटली की लोकांना रात्रीचा उपवास तेवढा आठवतो. प्रत्यक्षात त्यापूर्वीच्या सात दिवसांतील गोष्टींचा परिणाम कितीतरी मोठा असतो.

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे अंगमेहनत. सवय नसताना केलेल्या जोरदार श्रमांनी स्नायूंच्या पेशींना सूक्ष्म इजा होते आणि त्यांतून एसजीओटी, व काही प्रमाणात एसजीपीटीही, रक्तात येते. हा परिणाम आठवडाभर टिकू शकतो. श्रावणातील तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, हरिहर किंवा अंजनेरीची चढाई, वणीच्या गडाची पायी वारी, नव्याने लावलेल्या जिममधील वजने, किंवा द्राक्षांच्या काढणीत एरवी बैठे काम करणाऱ्या माणसाने दोन दिवस उचललेले क्रेट, यांपैकी काहीही झाले असेल, तर तातडी नसलेली चाचणी आठवडाभर पुढे ढकलावी. तेवढा वेळ नसेल तर नमुना देतानाच ही गोष्ट सांगावी. शंका उरलीच, तर डॉक्टर सीपीके ही स्नायूंची चाचणी त्याच रक्तातून करून घेऊ शकतात. ती बरीच वाढलेली असेल, तर एसजीओटीचा उगम यकृताऐवजी स्नायूंत असण्याची शक्यता वाढते.

दुसरी गोष्ट औषधांची. क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट, संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आणि काही प्रतिजैविके यकृताला त्रास देऊ शकतात. कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिनने कधीकधी किंचित वाढ होते, पण ती वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या आत असेल आणि अन्य त्रास नसेल, तर ते औषध सहसा बंद करावे लागत नाही. चाचणी 'चांगली यावी' म्हणून यांपैकी कोणतेही औषध परस्पर थांबवू नये. क्षयरोगाची गोळी मनाने सोडणे हे वाढलेल्या एसजीपीटीपेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते. मात्र ही औषधे चालू असताना मळमळ, अन्नावरची वासना जाणे, पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणे किंवा लघवी गडद पिवळी होणे असे काही जाणवले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार केंद्राशी बोलावे.

पॅरासिटामॉलचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण ते अनेक नावांनी घरात असते. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी या तिन्हींत ते असू शकते, आणि ती तिन्ही एकाच दिवशी घेतली जातात. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. मद्यपान करणाऱ्या, उपाशी असलेल्या किंवा वजन कमी असलेल्या व्यक्तीसाठी ती याहून बरीच खाली धरतात. पाकिटामागील घटकांची यादी वाचण्याची सवय येथे उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे जे 'औषध' म्हणून मोजलेच जात नाही ते सारे: काढे, चूर्णे, भस्मे, वजन घटवण्याच्या गोळ्या, जिममध्ये मिळालेली पावडर. करोनाच्या काळात गुळवेलीचे नियमित सेवन करणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तशीच दिसणारी दुसरी वनस्पती वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. वाद कोणत्याही बाजूने मिटो, रुग्णापुरता मुद्दा साधा आहे: अंगणातील वेल असो की बाटलीतील अर्क, डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे. अश्वगंधा आणि हळदीचे संहत अर्क असलेल्या कॅप्सूल यांच्याबाबतही यकृताच्या इजेच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीशी त्यांची गल्लत करू नये.

या सर्वांची एका कागदावर यादी करावी: नाव, किती, कधीपासून, शेवटचे कधी घेतले. सर्व बाटल्या व पाकिटांचे फोटो काढून नेले तरी चालते. बागेत फवारणीचे काम करणाऱ्यांनी कोणते रसायन वापरले, त्याच्या डब्यावरील नावाचाही फोटो ठेवावा. ही यादी सोबत असेल, तर डॉक्टरांचा पुढचा निम्मा तपास वाचतो असे माझे मत आहे.

मद्याबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चाचणीपूर्वी निदान २४ तास मद्य घेऊ नये ही सूचना योग्यच आहे. पण दोन दिवस बंद ठेवल्याने वर्षाचा हिशेब पुसला जात नाही. रक्तातील एसजीओटी साधारण १७ तासांत निम्मे होते, एसजीपीटीला त्यासाठी जवळजवळ दोन दिवस लागतात, तर मद्याने वाढलेले जीजीटी निम्मे होण्यास दोन ते तीन आठवडे जातात. वाइनचे शहर म्हणून नाशिकची ओळख झाल्यापासून 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असेही ऐकू येते. यकृताला तो फरक कळत नाही; त्याच्यापर्यंत अल्कोहोलच पोहोचते. डॉक्टरांना प्रमाण खरे सांगावे, आणि घरच्यांसमोर संकोच वाटत असेल तर एकट्याने भेटण्याची विनंती करावी.

नमुना देण्याची सकाळ

केवळ एलएफटीसाठी उपाशीपोटी असणे सक्तीचे नाही. तरीही प्रयोगशाळा ८ ते १२ तासांचा उपवास सांगतात, कारण बहुतेकदा साखर व चरबीच्या चाचण्याही सोबत असतात. याशिवाय रविवारच्या तर्रीदार मिसळीनंतर रक्तद्रव चरबीने गढूळ होऊ शकतो आणि गढूळ नमुन्यात यंत्राची मोजणी बिघडते. ओ आणि बी रक्तगटाच्या काही व्यक्तींत तर तेलकट जेवणानंतर अल्कलाइन फॉस्फटेजही वाढते. साधे पाणी मात्र भरपूर प्यावे. पाणी न प्यायल्याने शीर सापडत नाही आणि सुई पुन्हा टोचावी लागते. चहा पाण्यात धरला जात नाही, हे अनेकांना आजही सांगावे लागते.

उपवास अति झाला तरीही गोंधळ होतो. काही निरोगी व्यक्तींत जन्मतःच बिलिरुबिनची विल्हेवाट किंचित मंद असते. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. अशा व्यक्तीने नवरात्राचे कडक उपवास किंवा निर्जळी एकादशी केली, की तिचे अप्रत्यक्ष (यकृताने अजून प्रक्रिया न केलेले) बिलिरुबिन वाढते, डोळ्यांत फिकट पिवळेपणाही दिसतो, आणि बाकी सारे आकडे मात्र योग्य असतात. हा आजार नव्हे आणि त्याला उपचार लागत नाहीत. म्हणून लांबलेल्या उपवासानंतर, किंवा ताप नुकताच उतरला असताना, नेहमीची तपासणी करू नये.

रक्त घेताना मूठ पुन्हा पुन्हा आवळू नये, आणि दंडावरील पट्टा फार वेळ बांधलेला राहू देऊ नये. तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातील एसजीओटी नमुन्यात मिसळते. अहवालावर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल, तर तो आकडा जमेस न धरता नमुना पुन्हा द्यावा. घरी येऊन नमुना नेणाऱ्या सेवेकडून तो प्रयोगशाळेत किती वेळात पोहोचतो हे विचारण्यात गैर काहीच नाही, विशेषतः सिन्नर, दिंडोरी किंवा इगतपुरीकडून नमुना शहरात यायचा असेल आणि मे महिन्याचे ऊन असेल तेव्हा. प्रयोगशाळा निवडताना अहवालावर एनएबीएल या, प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेच्या मानांकनाचे चिन्ह आहे का ते पाहावे. खर्च परवडत नसेल, तर नाशिकचे जिल्हा रुग्णालय, ज्याला सर्वजण सिव्हिल म्हणतात, किंवा नाशिकरोडचे महापालिकेचे बिटको रुग्णालय येथे विचारणा करावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार व तपासण्या १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आल्या आहेत.

अहवाल हाती आल्यावर

आधी त्या प्रयोगशाळेची संदर्भमर्यादा पाहावी. बहुतेक अहवालांत एसजीपीटीची वरची मर्यादा ४० ते ५० युनिट प्रति लिटरच्या आसपास असते. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ ही याहून कडक मर्यादा सुचवली होती. म्हणजे पोट सुटलेल्या, मधुमेह असलेल्या स्त्रीचे ३८ हे 'नॉर्मल' कोणत्याही ठळक अक्षराविना छापले जाईल, पण डॉक्टर ते तसे सोडून देणार नाहीत.

मग वाढ मर्यादेच्या किती पट आहे ते मोजावे. दुप्पट-तिपटीपर्यंतची वाढ बहुतेकदा यकृतातील चरबी, औषधे किंवा मद्य यांमुळे असते. आकडा हजाराच्या पुढे गेला, तर विषाणूजन्य कावीळ, औषधाची विषबाधा किंवा यकृताचा रक्तपुरवठा अचानक घटणे ही कारणे आधी पाहतात. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असेल आणि दोन्ही आकडे सहसा ३०० च्या आतच असतील, तर मद्याचा संशय बळावतो. या गुणोत्तराकडे १९५७ मध्ये इटलीतील फर्नांडो दे रितिस यांनी लक्ष वेधले होते. पण पावसाळ्यात हेच चित्र दुसऱ्या कारणानेही दिसते: डेंग्यूत एसजीओटी हे एसजीपीटीहून अधिक वाढते आणि प्लेटलेट घटलेल्या असतात. दारूला कधी न शिवलेल्या माणसावर केवळ गुणोत्तरावरून संशय घेऊ नये.

दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या काविळींत नातेवाइकांना चकवणारी एक गोष्ट घडते. एन्झाइम आधी चढतात आणि उतरूही लागतात, त्या वेळी बिलिरुबिन अजून वाढतच असते. डोळे अधिक पिवळे होत असताना डॉक्टर "सुधारणा आहे" म्हणतात, तेव्हा ते धीर देण्यापुरते बोलत नसतात. याच्या उलट, एन्झाइम झपाट्याने उतरत आहेत पण आयएनआर वाढत आहे आणि रुग्ण सुस्तावत आहे, तर ती सुधारणा नव्हे. यकृतात फुटण्याजोग्या पेशीच उरत नसल्याचे ते लक्षण असू शकते.

योग्य आकड्यांवरही पूर्ण विसंबता येत नाही. यकृतात चरबी असूनही, इतकेच नव्हे तर सिरोसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कठीण होण्याची अवस्था, असूनही, एसजीपीटी मर्यादेत असू शकते. यकृतात असा व्रण किती झाला असावा याचा प्राथमिक अंदाज बांधण्यासाठी एफआयबी-४ हे साधे गणित वापरतात, आणि ते घरीही करता येते. वय गुणिले एसजीओटी हा अंश, आणि प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ हा छेद. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट २ लाख १० हजार आहेत. ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६. ६४ चे वर्गमूळ ८, त्याला २१० ने गुणले की १६८०. भागाकार सुमारे १.४९. १.३ च्या खाली आकडा असेल तर गंभीर व्रणाची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे जाणे आवश्यक, आणि मधला असेल तर फायब्रोस्कॅनसारखी, यकृताचा कठीणपणा मोजणारी पुढची तपासणी. पासष्टीपुढे १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात, पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचे नसते, आणि डेंग्यू किंवा ताज्या काविळीत ते करूच नये.

त्यानंतर

सौम्य वाढीत काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करण्यास सांगतात. ती शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि तशाच तयारीनिशी करावी, कारण काहीही न बिघडता एसजीपीटी दिवसागणिक १० ते ३० टक्के हलते. ६८ चे ६१ झाले म्हणून गोड खाण्याचे कारण नाही आणि ७४ झाले म्हणून घाबरण्याचेही. मात्र नुसती पुनरावृत्ती करत राहणे हा तपास नव्हे. हिपॅटायटिस बी व सी यांच्या चाचण्या, पोटाची सोनोग्राफी, साखर, चरबी आणि थायरॉइड एवढे तरी एकदा पाहिले गेले आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. यकृतातील चरबी हेच कारण निघाले, तर 'लिव्हर टॉनिक'च्या बाटल्यांपेक्षा वजनातील ७ ते १० टक्के घट अधिक उपयोगी पडते. ८० किलोच्या माणसासाठी ती सुमारे ६ ते ८ किलो होते. टॉनिकची चिठ्ठी लिहायला आणि घ्यायला सोपी असते, एवढाच तिचा गुण.

काविळीत माळ घालणे, नाकात थेंब सोडणे, चुन्याच्या पाण्याने कावीळ 'उतरवणे' हे प्रकार आजही चालतात. हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकदा आपोआप बरे होत असल्याने श्रेय त्या माळेला मिळते. पण पित्तनलिकेतील खड्याची किंवा औषधाने झालेली कावीळ अशी बरी होत नाही, आणि गेलेले दिवस परत मिळत नाहीत. एसजीपीटी तिपटीहून अधिक आणि बिलिरुबिन दुपटीहून अधिक, असे एखादे औषध चालू असताना दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गरोदर स्त्रीला तळहात-तळपायांना खाज, कावीळ, किंवा डोकेदुखीसह पोटाच्या वरच्या भागात वेदना असेल, तर चाचणीच्या तारखेची वाट पाहू नये. गरोदरपणात हिपॅटायटिस ई विशेष घातक ठरू शकतो. काविळीच्या रुग्णाचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, दिवसा झोप आवरेना, रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखे काळे झाले किंवा पोट फुगू लागले, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे आणि औषधांची ती यादी व जुने अहवाल सोबत न्यावेत.